मुचकुंदीच्या मुखाशी : मीठ, माल आणि माणूस

२०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. अमेरिकेने भारतीय मालावर बसवलेली वाढीव जकात, आधीची २५ टक्के आणि तिच्यावर आणखी २५ टक्के, नेमकी त्याच दिवशी लागू झाली. पूर्णगडात त्या सकाळी अमेरिकेचे नाव कोणाच्या तोंडी नव्हते. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेले चाकरमानी अंघोळी उरकून मूर्ती घरात आणायच्या घाईत होते. दुपारी आरती-जेवणे आटोपल्यावर मी खाडीवरच्या पुलाकडे गेलो. तिथे ओळखीचे एक खारवी गृहस्थ भेटले. वय सत्तरीच्या पुढचे, होडी आता मुलगा चालवतो. मी विचारले, "काका, या जकातीने कोलंबीचा भाव पडेल का?"

"आमची कोलंबी तिकडे जाते कुठे?" ते म्हणाले. "कासवाच्या भानगडीत ती मागेच बंद झाली. आता जाते ती आंध्राची, तळ्यातली." मग थोडे थांबून, "पण भाव पडायचा तो पडेलच. तळ्यातली इकडच्या बाजारात आली, की आमची कोण घेणार?"

कासवाची भानगड अशी. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला बाहेर पडता येईल अशी झडप आपल्या जाळ्यांना नसते, म्हणून २०१९ पासून अमेरिका भारताची समुद्रात पकडलेली कोलंबी घेत नाही. आणि याच पुलाच्या पलीकडे, गावखडीच्या वाळूत, दर हंगामात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. गावकरी आणि वनखाते ती घरटी राखतात, पिल्ले समुद्रात सोडतात. अमेरिकेतल्या ग्राहकाला हे कळायची सोय नाही, आणि पूर्णगडच्या काकांना त्या ग्राहकाचे मन कळायची.

खुल्या व्यापाराने जगातल्या गरिबांचे भले झाले की वाटोळे, हा वाद आपल्याकडे १९९१ पासून चालू आहे. दोन्ही बाजूंची पुस्तके मी जमतील तेवढी वाचली. अर्थशास्त्र मी कुठल्या वर्गात बसून शिकलेलो नाही. गेली वीस-बावीस वर्षे या किनाऱ्याची गॅझेटियरे, खानेसुमारीचे अहवाल, जकातीचे आणि मिठाचे जुने कायदे यांच्या मागे आहे, एवढीच माझी पात्रता. म्हणून मी तो मोठा प्रश्न माझ्यापुरता लहान करून घेतला. या एका खाडीच्या आसपास राहणाऱ्या गरीब माणसाला व्यापाराची दारे उघडण्याने आणि मिटण्याने काय मिळाले? आणि मिळाले ते कोणत्या वाटेने?

मुचकुंदी विशाळगडाशेजारच्या माचाळच्या डोंगरात उगम पावते. प्रभानवल्लीवरून खाली उतरते, साटवलीपाशी तिला भरतीचे पाणी भेटते आणि पूर्णगडाच्या पायथ्याशी ती समुद्राला मिळते. रस्ते नव्हते तेव्हा ही नदी म्हणजेच रस्ता होता. समुद्रातून आलेला माल खाडीने साटवलीपर्यंत चढायचा, तिथून बैलांच्या पाठीवर विशाळगडाकडच्या घाटाने मलकापूर-कोल्हापूरकडे जायचा. साटवलीला आज एक छोटी गढी उभी आहे. इथे एके काळी बंदर होते हे सांगितल्याशिवाय पटत नाही. पूर्णगडचा किल्लाही लहानच. एवढ्याशा किल्ल्याने राज्य राखता येत नसते. त्याने खाडीचे तोंड राखायचे, म्हणजे कोणाचा माल आत-बाहेर होतो त्यावर नजर ठेवायची.

या किनाऱ्यावर व्यापार खुला असावा की नसावा, याविषयीचा माझ्या माहितीतला सर्वांत महत्त्वाचा जुना कागद मिठाचा आहे. डिसेंबर १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचा कारभार पाहणाऱ्या नरहरी आनंदराव यांना एक पत्र पाठवले. त्याचा आशय असा : पोर्तुगिजांच्या बारदेशात मीठ स्वस्त मिळते, म्हणून व्यापारी तिकडे जाऊन मीठ भरतात. आपल्या मुलखातले, संगमेश्वराकडचे मीठ मग पडून राहते. तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, इतकी की सगळा खर्च धरता ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावे. तसे केले नाही तर व्यापारी बारदेशालाच लागतील आणि आपली बंदरे बुडतील.

हे पत्र हल्ली मोबाइलवर फिरते. खाली 'स्वदेशीचा पहिला पुरस्कार' असे काहीतरी लिहिलेले असते. मला ते वाचताना दोन गोष्टी जाणवतात. एक, त्यात व्यापाराचा द्वेष नाही. हे पत्र लिहिणाऱ्याने राजापूरच्या इंग्रज वखारीवर १६६१ मध्ये हात टाकला होता हे खरे, पण त्याच्या स्वतःच्या गलबतांचा व्यापारही चालू होता. इथे बारदेशच्या मिठाला बंदी नाही, दार मिटलेले नाही. दारातला उंबरठा तेवढा उंच केला आहे. दुसरी गोष्ट आपण सहसा बोलत नाही. कुडाळकडच्या ज्या कुणब्याला आतापर्यंत स्वस्त मीठ मिळत होते, त्याला या हुकमानंतर ते महाग पडले असणार. मिठागरावर राबणाऱ्याचे भले आणि मीठ खाणाऱ्याचे भले एकच नसते. दोघेही गरीब असतात. राजाने त्यांतला एक निवडला आणि निवडीचे कारण पत्रात लिहून ठेवले. नंतरच्या राज्यकर्त्यांनी निवड केली, पण कारण इतके सरळ लिहिले नाही.

नंतरचे राज्यकर्ते म्हणजे कंपनी सरकार. १८१८ मध्ये हा किनारा त्यांच्या हाती गेला. तोवर घाटवाटांवर, खाड्यांच्या तोंडांशी, पेठांच्या वेशींवर जागोजागी जकातीची नाकी होती. साटवलीहून मलकापूरला जाणारे एक ओझे वाटेत अनेकदा थांबायचे. ही अंतर्गत जकात १८३७-३८ मध्ये मुंबई इलाख्यातून उठवण्यात आली. मालाला वाट मोकळी झाली. खुल्या व्यापाराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या सुधारणेचे कौतुक करावे, आणि ते रास्तही आहे.

पण बुडालेले उत्पन्न भरून काढायला सरकारने काय केले? १८३७ च्याच कायद्याने इलाख्यातल्या मिठावर दर मणी ८ आणे कर बसवला. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. व्यापाऱ्याच्या मालावरचे ओझे उतरवून ते मीठ खाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर ठेवले गेले, आणि मीठ सर्वांत गरीब माणूसही श्रीमंताइतकेच खातो. पुढे हा दर चढतच गेला. १८५९ मध्ये मणाला १ रुपया, १८६५ मध्ये दीड रुपया, १८७८ मध्ये अडीच रुपये. मीठ तयार करायला येणारा खर्च मणाला काही आणेच होता, उरलेला सगळा कर. १८८२ मध्ये सरकारने विलायती कापडासकट जवळजवळ सगळ्या आयात मालावरची जकात काढून टाकली. हिंदुस्थानचा व्यापार तेव्हाइतका खुला क्वचितच झाला असेल. त्या वर्षी मिठाचा कर २ रुपयांवर आणला गेला, पण १८८८ मध्ये तो पुन्हा अडीच रुपये झाला. मँचेस्टरचे धोतर करमुक्त आणि भाकरीबरोबरचा मिठाचा खडा करपात्र. 'खुला व्यापार' हा शब्द मी या किनाऱ्यासंदर्भात वाचतो तेव्हा आधी विचारतो, खुला कोणासाठी?

मिठाची झळ सर्वांत आधी मासेमाराला बसली. बर्फ नव्हता तेव्हा मासा टिकवायचा तर उन्हात सुकवणे किंवा खारवणे हे दोनच उपाय. मीठ महागल्यावर खारवणे परवडेना. अखेर सरकारला रत्नागिरी किनाऱ्यावर मासे खारवण्याची आवारे उघडावी लागली. तिथे मासेमाराला सवलतीच्या दराने मीठ मिळायचे, पण मासा तिथेच नेऊन, सरकारी माणसाच्या देखत खारवायचा. मीठ घरी नेता यायचे नाही.

आणि बारदेश? दोनशे वर्षांपूर्वी ज्याच्या स्वस्त मिठाची धास्ती होती, त्याचे काय झाले हे पाहण्याजोगे आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. १८८० पासून बारा वर्षे गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकातीची भिंत काढली गेली. कागदावर हा खुल्या व्यापाराचा करार होता. मिठापुरती मात्र त्यात वेगळी तजवीज होती. गोव्यातले मीठ किती बनवायचे आणि कसे विकायचे हे ठरवण्याचा अधिकार इंग्रजांनी आपल्याकडे घेतला, कारण गोव्याचे स्वस्त मीठ मोकळे सुटले असते तर अडीच रुपयांचा कर बुडाला असता. पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये भरपाई मिळाली. गोव्याची लहान मिठागरे बंद पडली. शिवाजी महाराजांनी जकात बसवून बारदेशच्या मिठाला वेसण घातली होती. इंग्रजांनी जकात उठवून ते मीठ संपवले. जकात आहे की नाही, एवढ्यावरून गरिबाचे काय होईल ते ओळखता येत नाही, हे मला या दोन कागदांनी शिकवले.

बाकीच्या मालाची कथा लवकर सांगता येते. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी वर गेली. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर फाटा झाला. मलकापूर-कोल्हापूरचा जो माल बैलांच्या पाठीवरून मुचकुंदीला उतरायचा, तो आता रुळांवरून जाऊ लागला. किनाऱ्याने धावणाऱ्या आगबोटींनी उरलेल्या गलबतांचे भाडे खाल्ले. साटवली पेठेची खेडी झाली. आमच्याकडे रेल्वे आली १९९८ मध्ये, शंभराहून अधिक वर्षे उशिरा.

मालाची वाट दुसरीकडे वळल्यावर या खाडीने एकच गोष्ट मोठ्या प्रमाणात बाहेर पाठवली, ती म्हणजे माणूस.

१८८१ च्या खानेसुमारीत मुंबई शहराची वस्ती पावणेआठ लाखांच्या आत होती. त्यांतले सुमारे सव्वा लाख लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. १९११ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांत जवळजवळ निम्मे रत्नागिरीचे. (त्या वेळच्या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग येतो.) आणि या गिरण्या कोणासाठी सूत कातत होत्या? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मुंबईतून निर्यात होणारे बहुतेक सूत चीनला जायचे. पावस-पूर्णगडकडचा कुळवाडी परळला जाऊन जे सूत कातायचा, ते चीनमधला विणकर विणायचा. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या. रुपया आणि चिनी चांदी यांचे नाते तुटले, चीनमध्ये आपले सूत महाग पडू लागले आणि जपानला वाव मिळाला. १८९६ मध्ये लँकेशायरच्या समाधानासाठी देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि आमची माणसे जीव घेऊन गावाकडे पळाली.

जगाच्या व्यापाराने या माणसांना पोसले आणि त्यानेच हेलकावेही दिले. तरी ती पुन्हा पुन्हा गेली, याचे कारण गावातल्या खोतीत आहे. जमीन खोताची, कूळ कसणारे. पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताला, म्हणून अर्धेल आणि तिर्धेल हे शब्द. भाताला मुंबईच्या बाजारात चांगला भाव आला तरी तो फायदा कुळाच्या हाती येताना निम्मा होऊन यायचा. ज्या अर्थतज्ज्ञाने पुढे या खोतीवर घाव घातला तो याच जिल्ह्यातल्या आंबडवे गावच्या घराण्यातला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. दुखणे जमिनीच्या तुकड्यांत नसून रिकाम्या राहणाऱ्या हातांत आहे, त्या हातांना उद्योगात काम मिळाले पाहिजे, असे त्यांनी मांडले. १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. खोती प्रत्यक्ष कायद्याने जायला १९४९ साल उजाडले.

१८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. माझ्या मते कोकणाच्या आर्थिक इतिहासात ही तारीख कुठल्याही जकात-कायद्याइतकी मोठी आहे. खळ्यावरच्या भाताचे मोजमाप खोताच्या माणसासमोर व्हायचे, टपालवाल्याने ओटीवर मोजून दिलेल्या रुपयांचे होत नसे. अर्थात रुपया घरात राहायचा असेही नाही. आमच्या घरी एका पत्र्याच्या डब्यात १९३० च्या दशकातली काही मनीऑर्डरींची कुपने आहेत. आजोबा परळच्या गिरणीत होते. आजीला वाचता येत नसे, टपालवालाच मजकूर वाचून दाखवायचा. एका कुपनावर एवढेच आहे : आधी खोताचे भागवावे, मग मीठ-मिरची घ्यावी. कोणत्या क्रमाने पैसा खर्च होत होता हे मला त्यातून कळले. त्याच दशकाच्या सुरुवातीला, मे १९३० मध्ये, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला. मिठावरचा कर कोणाला टोचत होता ते सरकारलाही ठाऊक होते.

मुंबईच्याही पलीकडे माणसे गेली. कोकणी मुसलमान, विशेषतः रत्नागिरी किनाऱ्यावरचे, साहेबांच्या आगबोटींवर खलाशी झाले. बोट जगभर फिरायची, पण लष्कर म्हणून भरती झालेल्या खलाशाचा करारनामा वेगळा असायचा. गोऱ्या खलाशाच्या काही अंशानेच पगार, आणि सफर संपली की परत हिंदुस्थानच्या बंदरातच उतरायचे. लंडनला माल उतरवता येत होता, स्वतः उतरून राहता येत नव्हते. काही घराणी केपटाऊनला पोहोचली. तिथे आजही कोकणी मुसलमानांची वस्ती आहे, आपली मुळे रत्नागिरी-कुलाब्याच्या गावांत सांगणारी. पण १९०२ मध्ये केप वसाहतीने कायदा केला, की ज्याला एखादी युरोपीय लिपी-भाषा लिहिता येत नाही त्याला आत घ्यायचे नाही. १९१३ मध्ये साऱ्या दक्षिण आफ्रिकेची दारे लागली. ही तीच वर्षे, जेव्हा साम्राज्यात मालाला मोकळे रान होते. लष्करातली भरती ही आणखी एक वाट होती. दापोली ही पेन्शनर शिपायांची वस्ती. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती सरकारने बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला, त्याचा उपयोग झाला नाही. ज्यांच्या नावावर जमीन नाही, गलबत नाही, त्यांच्यासाठी ही एक वाट होती. ती मिटली.

यातून मला जे दिसते ते सांगतो. मुचकुंदीच्या काठी माल खुला झाल्याचा फायदा गरिबाकडे पोहोचेपर्यंत वाटेत कोणीतरी उभा असायचा. मिठाचा दारोगा, खोत, दलाल. त्याच्या हाताखालून जे सुटेल ते गरिबाला. माणूस स्वतः दाराबाहेर पडू शकला, तेव्हाच त्याची मिळकत खरोखर बदलली. आणि नेमके हेच दार सर्वांत कमी वेळा, सर्वांत कमी लोकांसाठी आणि सर्वांत जास्त अटी घालून उघडले गेले.

१९७३ नंतर तेलाचा भाव चढला आणि आखाती देशांना हात हवे झाले. दहा-पंधरा वर्षांत आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांचे रूप पालटले. मातीच्या भिंती जाऊन चिऱ्याच्या आल्या, कौलांच्या जागी स्लॅब. मुली शाळेत जास्त वर्षे टिकल्या. कोणत्याही सरकारी योजनेने इतक्या कमी काळात या किनाऱ्यावर एवढे केले, असे मला कागदांत सापडलेले नाही. त्याची किंमतही लागली. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात, मालक बदलायची मुभा नाही, एजंटाचे कर्ज फेडण्यात पहिले वर्ष-दीड वर्ष जाणार. मुंबईच्या वाटेची किंमत तर खानेसुमारीतच आहे. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्याचे प्रमाण ९२९ होते. २००१ ते २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या वाढली, रत्नागिरीची सुमारे ८० हजारांनी घटली. गावात सण असतो तेव्हा गर्दी असते, एरवी कड्या-कुलपे. या स्त्रियांनी काय सोसले याची नोंद कुठल्या दप्तरात नाही, आणि 'निर्यातीचा लाभ' मोजताना ते वजा करायची पद्धतही नाही.

माशाबद्दल मी एकतर्फी बोलतो आहे असे कोणी म्हणेल, म्हणून हेही सांगायला हवे. गोठवण्याचे कारखाने येण्यापूर्वी कोलंबी जास्त झाली की सोडे करून वाळवायची, त्याहून जास्त झाली तर मासळी माडांना खत म्हणून घालायची. १९६० नंतर अमेरिका-जपानच्या मागणीने तिला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून होड्यांना इंजिने लागली, काही खारवी-दालदी घरे खरोखर वर आली. पुढे ज्याला ट्रॉलर आणि मोठे जाळे परवडले तो आणखी वर गेला, ज्याला परवडले नाही तो त्याच्या ट्रॉलरवर खलाशी झाला किंवा खाडीतल्या छोट्या होडीवर राहिला. समुद्र तेवढाच होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारला पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले, तोवर छोट्या आणि मोठ्यांत समुद्रातच मारामाऱ्या झाल्या होत्या. टोपली घेऊन दारोदार जाणाऱ्या बाईला निर्यातीच्या माशाशी भावात टिकणे जमले नाही. राणी मासा पूर्वी गरिबाच्या कालवणात असे. आता त्याचा लगदा होऊन तो परदेशी जातो. १९९७ मध्ये युरोपने कारखान्यांच्या स्वच्छतेवरून भारतीय मासळी रोखली तेव्हा किनाऱ्यावर भाव कोसळला. २०२४-२५ मध्ये आपली सागरी निर्यात ६२ हजार कोटी रुपयांच्या वर होती. या आकड्यात पूर्णगडचे काका कुठे बसतात, हे त्यांनी पुलावर दोन वाक्यांत सांगितलेच.

जगाचे म्हणाल तर, जागतिक बँकेच्या तेव्हाच्या मोजपट्टीने १९९० मध्ये जगातल्या तीन माणसांत एकाहून अधिक अतिगरीब होते. २०१९ पर्यंत हे प्रमाण दहात एकाच्या खाली आले. खुल्या व्यापाराचे समर्थक हा आकडा पुढे करतात आणि तो झटकून टाकता येणार नाही. त्यातला मोठा वाटा चीनचा आहे. पण चीनमध्ये काय घडले ते पाहिले तर कोट्यवधी शेतकरी खेडी सोडून समुद्रकाठच्या कारखान्यांत गेले. तेही चाकरमानीच. शहरात काम करायचे पण शहराचा रहिवासी म्हणून नोंद नाही, मुले गावाकडे आजी-आजोबांजवळ. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना झाली, तेव्हा सेवांच्या व्यापाराच्या करारात माणसांनी देशाबाहेर जाऊन तात्पुरते काम करण्याचाही एक प्रकार घातला, चौथा. मालाच्या जकाती पुढे बऱ्याच उतरल्या. हा चौथा प्रकार जिथल्या तिथेच आहे, आणि जो काही हलला तो शिकलेल्या, इंग्रजी येणाऱ्या माणसांसाठी. केपटाऊनच्या १९०२ च्या अटीची आठवण होते.

गौरी-गणपतींच्या विसर्जनाच्या संध्याकाळी मी पुन्हा खाडीवर होतो. गर्दीपासून थोडा दूर, ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत एक नेपाळी तरुण बसला होता. आमच्याकडे हापूसच्या बागा राखायला आणि बोटींवर काम करायला नेपाळहून माणसे येऊ लागली त्याला आता बरीच वर्षे झाली. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० चा करार आहे, त्याने दोन्हीकडच्या माणसांना परवान्याशिवाय ये-जा करता येते, काम करता येते. जगात अशी दारे फार थोडी आहेत. आमची माणसे निघून गेली, त्यांच्या जागी ही आली.

तो मोबाइलवर घरी बोलत होता. बोलणे संपल्यावर मी विचारले, "दसैंला जाणार का गावी?" तो हिंदी-मराठी मिसळून म्हणाला, हंगाम चालू आहे, आता जूनमध्येच. मोठा भाऊ कतारला आहे, तोही येणार नाही.

"कतारला जायला त्याला किती खर्च आला?"

"एजंटला दीड लाख. कर्ज काढलं. अजून फेडतोय."

"आणि तुला इथे यायला?"

तो हसला. "मला? बसचं तिकीट."